मला, मज आणि म्वा

जून महिना तोंडावर आला, की ज्या घरात आठवीत जाणारे मूल असते त्या घरात एक वाद हमखास रंगतो. संस्कृत घ्यायचे की फ्रेंच? आजोबा संस्कृतच्या बाजूने उभे राहतात. निदान रामरक्षा तरी शुद्ध म्हणेल, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते. वडील शेजारच्या मुलाला फ्रेंचमध्ये पडलेल्या गुणांचा दाखला देतात. आई व्यवहारी असते. ती म्हणते, ‘गुण दोन्हींत पडत असतील, तर शिकवणी कोणाची जवळ आहे तेवढे बघा.’ आणि ज्याच्यासाठी ही सारी खडाजंगी चालू असते, तो कुलदीपक खिडकीतून खाली क्रिकेट पाहत उभा असतो.

मराठी शिकविण्यावर पोट असल्यामुळे असा वाद मिटविण्यासाठी मला ओळखीच्या घरांतून बोलावणे येते. मराठीच्या मास्तराला दोन्ही पक्ष सारखेच निरुपद्रवी समजतात. मी चहा घेतो, पोहे खातो आणि कोणताच निकाल न देता घरी परततो. पण दरवेळी मनात एक विचार येऊन जातो. या खटल्यात संस्कृतला वकील आहे, फ्रेंचला वकील आहे, आणि दोघींनाही न कळत त्यांच्याशी नाते राखून असलेली तिसरी भाषा त्याच खोलीत मुकाट्याने बसलेली आहे. ती म्हणजे ज्या भाषेत हा वाद चालला आहे ती, आपली मराठी. तिला साक्षीला कोणी बोलावीत नाही.

या सदराच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. मोठ्या शब्दांपेक्षा किरकोळ शब्दांशी माझे जास्त जुळते. आज असाच एक दोन अक्षरांचा शब्द घेऊन बसलो आहे. तो शब्द म्हणजे ‘मला’.

सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत मराठी माणूस काय काय करतो याची कोणी नोंद ठेवली, तर असे आढळून येईल की तो फारसे काही करीतच नाही. त्याला सारे होत असते. त्याला जाग येते. त्याला चहा लागतो. त्याला उशीर होतो. त्याला गाडी मिळत नाही. साहेबांचे बोलणे त्याला लागते. दुपारी त्याला भूक लागते, संध्याकाळी कंटाळा येतो, घरची भाजी त्याला आवडते किंवा आवडत नाही, आणि शेवटी त्याला झोप येते. या साऱ्या दिनक्रमात कर्त्याच्या जागी भूक आहे, उशीर आहे, कंटाळा आहे, झोप आहे. माणूस आपला ‘ला’ प्रत्यय लावून एका बाजूला उभा. येईल ते सोसतो, मिळेल ते घेतो.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या व्याकरणकारांना या ‘मला’ने पुष्कळ घोळ घातला आहे. ‘मला मळमळते’ या वाक्यात कर्ता कोण? मळमळणारा तर मी आहे; पण मी कर्ता असतो तर ‘मी’ म्हणून आलो असतो. मग व्याकरणकारांनी म्हटले, येथे क्रियेचा भाव हाच कर्ता, आणि अशा क्रियापदाला ‘भावकर्तृक’ असे भारदस्त नाव दिले. ‘मला आता चालवत नाही’ यातील क्रियापदाला ‘शक्य’ क्रियापद म्हटले. नावे काहीही देवोत, आपल्या आजीला त्यांतले एकही ठाऊक नव्हते. आणि तरीही आयुष्यात एकदासुद्धा ती ‘मी मळमळते’ असे म्हणाली नाही.

आता इंग्रजीकडे पाहा. इंग्रज माणूस सकाळपासून सारे स्वतःच करतो. भुकेला तोच असतो, उशीर तोच करतो, भाजी आवडविणाराही तोच असतो. त्याच्या प्रत्येक वाक्याच्या दारात ‘मी’ काठी घेऊन पहारा करीत असतो. हा त्या भाषेचा स्वभाव आहे, दोष नव्हे. पंचाईत होते ती आपल्या मुलांची. ती फ्रेंच शिकतात, पण शिकतात इंग्रजीच्या पाठीवर बसून. पुस्तक इंग्रजीत, नियम इंग्रजीत, अर्थही इंग्रजीत. म्हणजे शेजारच्या घरी जायचे, तेही गावाला वळसा घालून!

फ्रेंचमध्ये ‘मी’ला ‘ज’ म्हणतात. ‘मला’ या अर्थी दोन रूपे आहेत. एक नाजूक, ‘म’. आणि दुसरे दणकट, ‘म्वा’. नाजूक ‘म’ला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नाही. तो नेहमी क्रियापदाला टेकून उभा असतो. ‘इल म व्वा’ म्हणजे ‘तो मला पाहतो’. शब्दाखाली शब्द मांडून पाहा. इल म्हणजे तो, म म्हणजे मला, व्वा म्हणजे पाहतो. एक शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही.

फ्रेंचमध्ये कर्म नाम असले, तर ते इंग्रजीसारखे क्रियापदाच्या मागून येते: ‘तो पाहतो रामाला.’ परंतु त्या जागी सर्वनाम आले, की ते उडी मारून क्रियापदाच्या आधी जाऊन बसते. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला हा उफराटा प्रकार वाटतो आणि तो नियम तो घोकत बसतो. मराठी मुलाने एवढेच लक्षात ठेवावे, की सर्वनामाची वेळ आली म्हणजे फ्रेंच माणूस आपल्यासारखे बोलू लागतो.

दुसरी गंमत पाहा. ‘तो मला पाहतो’ यात ‘मला’ ही द्वितीया. ‘तो मला पुस्तक देतो’ यात चतुर्थी. विभक्ती दोन, रूप मात्र एकच. फ्रेंचमध्येही तसेच. पाहायचे असो वा द्यायचे असो, ‘म’ तो ‘म’च. तिसऱ्या पुरुषात मात्र फ्रेंच आपल्यापेक्षा काटेकोर होते. त्याला पाहायचे असेल तर ‘ल’, त्याला द्यायचे असेल तर ‘लुई’. आपला ‘त्याला’ दोन्हीकडे चालतो. म्हणून येथे आपल्या मुलाने जपून पाऊल टाकावे. तो मला ते देतो, हे सांगायचे झाले तर ‘इल म ल दॉन’. आधी ‘मला’, मग ‘ते’. मात्र तो त्याला ते देतो, असे असेल तर आधी ‘ते’ आणि मग ‘त्याला’. प्रथम पुरुषाला फ्रेंचांनी रांगेत पहिला मान दिला आहे. आपल्याकडे पाणी भरण्याच्या रांगेत तो मान भांडून मिळवावा लागतो.

क्रियापद स्वराने सुरू होत असेल, तर या बिचाऱ्या ‘म’चा स्वरही गळून पडतो आणि नुसता म् उरतो. ‘तो माझ्यावर प्रेम करतो’ याचे फ्रेंच ‘इल मेम’. त्यात ‘मी’ कुठे आहे हे शोधायला दुर्बीण लागते. प्रेमात पडलेल्या माणसाचे असेच व्हावयाचे, असे एखादा कवी म्हणेल. व्याकरणकार त्याला संधी म्हणतो.

आणखी एक बारीक खोच सांगतो. ‘त्याने मला पाहिले’ हे वाक्य मराठीत पुरुष म्हणो वा बाई, सारखेच. फ्रेंचमध्येही ऐकायला ते सारखेच. पण लिहिणारी बाई असेल, तर भूतकाळाच्या त्या रूपाला शेवटी एक जादा अक्षर लावते, जे कोणी उच्चारीत नाही. कानाला न कळणारे बाईपण डोळ्यांना कळते. पण हे अक्षर ‘मला पाहिले’ यातच येते. ‘माझ्याशी बोलला’ यात येत नाही, कारण तेथील ‘म’ चतुर्थीचा. एकरूप झालेल्या दोन विभक्तींची सुप्त फारकत एका मुक्या अक्षराने अशी जपली आहे.

आता तो दणकट ‘म्वा’. शब्दयोगी अव्यय आले की ‘म’चे काम संपते आणि ‘म्वा’ पुढे होतो. ‘आवेक म्वा’ म्हणजे माझ्याबरोबर, ‘पूर म्वा’ म्हणजे माझ्यासाठी, ‘शे म्वा’ म्हणजे माझ्याकडे, माझ्या घरी. आपणही ‘मलाबरोबर’, ‘मलासाठी’ म्हणत नाही. तेथे ‘माझ्या’ हे सामान्यरूप पुढे करतो. दोन्ही भाषांनी एकाच अडचणीवर काढलेला हा एकच तोडगा. आज्ञा करायची असेल तर ‘दोने-म्वा’ म्हणजे ‘द्या मला’. आणि ‘देऊ नका’ म्हणायचे असेल तर पुन्हा नाजूक ‘म’ क्रियापदाआधी. मागताना आवाज चढतो आणि नको म्हणताना उतरतो. हे व्याकरण म्हणण्यापेक्षा मनुष्यस्वभावच म्हणावा.

‘दारात कोण?’ या प्रश्नाला फ्रेंच माणूस ‘से म्वा’ म्हणून उत्तर देतो. आपण ‘मी आहे’ म्हणतो. फ्रान्सचा राजा चौदावा लुई ‘राज्य म्हणजे मीच’ असे म्हणाल्याची आख्यायिका आहे. तो तसे म्हणाल्याचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. पण म्हणाला असेल, तर त्या वाक्याच्या शेवटी हा ‘म्वा’च होता. नाजूक ‘म’ला एवढे मोठे राज्य पेलले नसते.

ही एका शब्दाची दोन रूपे, एक भर देऊन म्हणायचे आणि दुसरे टेकून उभे राहणारे, फ्रेंचांनी स्वतः शोधून काढली असे नाही. फ्रेंच ‘म’ आणि ‘म्वा’ दोन्ही लॅटिनच्या एकाच शब्दातून निघाली. भर पडला तेथे ‘म्वा’ झाले, भर नव्हता तेथे ‘म’ राहिले. आणि संस्कृतात काय आहे? ‘माम्’ आणि त्याचे लघुरूप ‘मा’. ‘मह्यम्’ आणि त्याचे लघुरूप ‘मे’. ही लघुरूपे वाक्याच्या किंवा श्लोकचरणाच्या आरंभी घालू नयेत, आणि ‘च’, ‘वा’, ‘एव’ यांच्याशी जोडून आल्यास त्यांऐवजी पूर्ण रूपेच योजावीत, असा दंडक पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात घालून ठेवला आहे. म्हणजे पॅरिसच्या ‘म’ला जी शिस्त लागू, तीच थोड्याफार फरकाने पाणिनीच्या ‘मे’ला. ‘मह्यम्’चे प्राकृतात ‘मज्झ’ झाले, आणि त्यातून आपल्याकडे ‘मज’ आला, ‘माझा’ आला. ‘मज’ पुढे बोलण्यातून उठला आणि कवितेत जाऊन राहिला. आजही एखाद्याने घरात ‘मज चहा दे’ म्हटले, तर घरची मंडळी प्रथम त्याच्या कपाळाला हात लावून पाहतील.

तेव्हा आठवीच्या वादात आजोबा आणि वडील हे दोघे एकाच वाड्याच्या दोन दारांवरून भांडत असतात.

हा झाला व्याकरणाचा भाग. पण व्याकरण माणसाच्या घरात शिरले म्हणजे काय होते, हे मी गेल्या नाताळच्या सुटीत दासगावला पाहिले. दासगाव हे महाडच्या अलीकडे, सावित्रीच्या काठचे गाव. येथे माझी आत्या राहते. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. तिचा मुलगा बरीच वर्षे कॅनडात माँट्रियलला आहे. माँट्रियल हे क्वेबेक प्रांतातले. आणि तेथे १९७७ च्या कायद्याने बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच घालावे लागते. त्यामुळे आत्याची अकरा वर्षांची नात शाळेत फ्रेंच बोलते, मैदानावर इंग्रजी बोलते, आणि आजीशी बोलताना मराठी बोलण्याची शिकस्त करते.

त्या शिकस्तीत ‘मला’चे हाल होत. ‘आजी, मी भूक आहे’, ‘मी हे नाही आवडते’, ‘मी थंड आहे’, असे चालले होते. ‘मी थंड आहे’ ऐकून आत्या दचकली. तिच्या पिढीत थंड झालेला माणूस बोलत नाही! हे फक्त परदेशातच होते असे कोणी समजू नये. आपल्या शहरांतल्या मराठी घरांतूनही असली वाक्ये माझ्या कानांवर येतात. पण आत्याच्या मनाला लागले होते ते निराळेच वाक्य. दर रविवारी टेलिफोनवर नात तिला सांगे, ‘आजी, मी तुला मिस करते.’ आत्या मला म्हणाली, ‘अरे, मिस म्हणजे शाळेतल्या बाई ना? ही मला बाई करते म्हणजे काय करते?’ मी अर्थ सांगितला. तिला अर्थ कळला. पण वाक्य काही तिच्यापर्यंत पोहोचेना. ‘ती काहीतरी करते म्हणते रे,’ आत्या म्हणाली, ‘आठवण काय कोणी करायची असते? ती येते.’

मी मुलीला जवळ बोलावले. तिला विचारले, ‘तुझी माँट्रियलची मैत्रीण आहे ना, तिला हेच फ्रेंचमध्ये कसे सांगशील?’

‘त्यू म मांक,’ ती चटकन म्हणाली.

‘आता मला एकेक शब्द सांग. त्यू म्हणजे?’

‘तू.’

‘म म्हणजे?’

‘मी... नाही नाही, मला!’

‘आणि मांक?’

ती थांबली. मांक म्हणजे नसणे, कमी असणे, उणे असणे, हे तिला ठाऊक होते. मराठी शब्द मिळत नव्हता. ‘काका, पझलमध्ये एक तुकडा हरवतो ना, तसे,’ ती म्हणाली. ‘तू मला... कमी आहेस.’

झोपाळ्यावर बसलेली आत्या एकदम म्हणाली, ‘म्हणजे तुझ्याविना मला करमत नाही, असे म्हण की सरळ!’

मुलीने ते वाक्य दोनदा, तीनदा म्हणून पाहिले. ‘तुझ्याविना मला करमत नाही.’ मग तिने इंग्रजी बाजूला ठेवून आपल्या फ्रेंचवरून मराठी पारखायला सुरुवात केली. ‘सा म प्ले’ म्हणजे ‘हे मला आवडते’. ‘इल म सांब्ल’ म्हणजे ‘मला वाटते’. ‘इल म फो’ म्हणजे ‘मला पाहिजे’. प्रत्येक ठिकाणी ‘म’च्या जागी ‘मला’ चपखल बसत होता. भुकेपाशी मात्र गाडी अडली. कारण फ्रेंच माणूस ‘माझ्यापाशी भूक आहे’ अशा धाटणीने बोलतो. तेव्हा तेवढ्यापुरता आजीचा शब्द प्रमाण मानावा असे ठरले. जेवणाच्या बाबतीत आजीचा शब्द तसाही प्रमाण असतोच.

त्या रात्री आत्या जेवली ती नेहमीपेक्षा घासभर जास्तच. मराठी बोलणारी नात तिला आधीही होती. पण जिच्या बोलण्यात आपण ‘कमी’ आहोत असे तिला त्या दिवशी प्रथम ऐकू आले. २००५ च्या जुलैत या भागात डोंगर खचले, दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांतली घरेच्या घरे गाडली गेली. त्यानंतर मुलाने तिला कॅनडाला चल म्हणून पुष्कळ विनवले होते. ती गेली नाही. ‘मला तिकडे करमायचे नाही,’ एवढेच तिचे उत्तर. मुलाला वाटे आईला आपली ओढ नाही. आईला वाटे मुलाला इथले काही उरले नाही. ‘करमत नाही’ या क्रियापदाला त्या घरात इतकी वर्षे फक्त नकाराचे काम होते. नातीने ते मायेच्या कामाला लावले.

भाषांतराने माणसे जवळ येतात असे आपण म्हणतो. पण शब्द पोहोचला म्हणजे माया पोहोचतेच असे नाही. तिला वाक्याची चण लागते. ‘मी तुला मिस करते’ यात करणारी मी. तू आपली गप्प बस. ‘त्यू म मांक’ आणि ‘तुझ्याविना मला करमत नाही’ यांत मी कोणी करणारी नव्हे. तुझ्या नसण्याने मला काहीतरी झाले आहे. आजीला हवी होती ती ही कबुली.

फ्रेंच ‘म्वा’ आणि मराठी ‘मला’ यांची गाठ पडण्याची ही काही पहिलीच वेळ नव्हे. मॉरिशसमध्ये ती दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच पडली. १७१५ ते १८१० पर्यंत ते बेट फ्रेंचांचे होते. पुढे इंग्रजांचे झाले, तरी लोकांच्या तोंडी फ्रेंचपासून घडलेली क्रिओल बोलीच राहिली. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथे जाऊ लागले. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून, आणि काही मुंबई बंदरातून. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. पोर्ट लुईला ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली, तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. त्यांच्या वंशजांनी गणपती जपला, मराठी आडनावे जपली. पण रोजच्या बोलण्यात क्रिओल आली. क्रिओलमध्ये ‘मी’ला ‘मो’ म्हणतात आणि ‘मला’ला ‘म्वा’. ‘दॉन म्वा दिलो’ म्हणजे ‘मला पाणी दे’. कोकणातून गेलेल्या पहिल्या माणसाला त्या परक्या मुलखात सर्वांत आधी जी वाक्ये शिकावी लागली असतील, त्यांत हे नक्कीच असणार. परकी भाषा आपण शिकू लागतो ती मागण्यापासून, आणि मागण्यातले पहिले पाणी.

पाण्यावरून पुन्हा दासगाव आठवते. त्याच सुटीत २५ डिसेंबरला निळे झेंडे लावलेल्या गाड्या महामार्गाने महाडकडे जाताना पाहून नातीने विचारले, ‘काका, हे सगळे कुठे चाललेत?’ मी तिला खाडीकडे बोट दाखवून सांगितले, की १९२७ साली याच दिवशी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर येथे दासगाव बंदरात उतरले होते. आदल्या दिवशी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघून ते दुपारी येथे पोहोचले, आणि वाट पाहत थांबलेल्या सत्याग्रहींसह पायी महाडला गेले. त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता; पण ठराव कागदावर, आणि पाणी तळ्यात. मार्चच्या त्या घटनेनंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, प्रकरण कोर्टात गेले. म्हणून डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह परिषद भरली.

त्या परिषदेतल्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना कशाशी केली? फ्रान्समध्ये १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या सभेशी! ज्या सभेतून फ्रान्सची राष्ट्रीय सभा निघाली, आणि जिने त्याच वर्षी २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला, तिच्याशी. आपण तळ्यावर जाणार ते केवळ पाण्यासाठी नव्हे, इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. परिषदेने जन्मसिद्ध मानवी हक्कांचा ठरावही केला. कोर्टाचा मनाईहुकूम असल्यामुळे त्या खेपेस तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित झाला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागायला मार्च १९३७ उजाडले.

मुलीला व्हर्साय शाळेत शिकविले होते. आजीच्या अंगणापुढची खाडी कोणी शिकविली नव्हती. ती बराच वेळ खाडीकडे पाहत राहिली. मग तिने आपल्या वयाला शोभणारा, पण मला निरुत्तर करणारा प्रश्न विचारला: ‘पण मग ते “द्या मला” का नाही म्हणाले?’

त्याचे उत्तर मी तेव्हा तिला दिले नाही. येथे देतो. ‘द्या मला’ म्हणणे म्हणजे देणारा वरचा हे मान्य करणे. शतकानुशतके त्यांना पाणी असेच मागावे लागत होते. दुसऱ्याने वरून ओतायचे, यांनी ओंजळीत धरायचे. दासगावाहून चालत गेलेली माणसे मागायला गेली नव्हती. त्यांचे वाक्यच निराळे होते.

आणि ते वाक्य मांडायला फ्रेंचपेक्षा मराठीच जास्त समर्थ आहे, हे मी व्याकरणाच्या आधाराने म्हणतो. फ्रेंचमध्ये ‘आम्ही’ला ‘नू’, ‘आम्हाला’लाही ‘नू’, आणि ‘आपण’, ‘आपल्याला’ यांनाही ‘नू’च. ऐकणारा त्यात धरला आहे की वगळला आहे, हे ‘नू’ सांगत नाही. मराठी सांगते. ‘आम्हाला’ म्हटले की तू त्यात नाहीस. ‘आपल्याला’ म्हटले की तूही आलास. इंग्रजीलाही ही सोय नाही, संस्कृतलाही नव्हती. महाडच्या साऱ्या झगड्याचा गाभा मला या दोन शब्दांत दिसतो. एक पक्ष म्हणत होता, ‘हे तळे आमचे.’ दुसरा पक्ष ‘नाही, आमचे’ असे म्हणायला गेलेला नव्हता. ‘हे तळे आपले’ हे सांगायला तो गेला होता.

तेव्हा वाचकहो, आठवीला संस्कृत घ्या की फ्रेंच, मी आजही निकाल देणार नाही. दोन्ही भाषा चांगल्या, आणि दोन्ही आपल्या नात्यातल्या. मी एवढेच सुचवीन, की फ्रेंचचे पुस्तक उघडून बसलेल्या मुलाला एकदा ‘इल म व्वा’ या तीन शब्दांखाली मराठी तीन शब्द लिहून दाखवा. आणि घरात एखादे पोर ‘मी भूक आहे’ म्हणाले तर हसू नका, ओरडू नका. नुसते विचारा, ‘भूक तू आहेस, की तुला लागली आहे?’ ‘मला’ म्हणायला शिकलेल्या माणसाला पुढे ‘तुला’ कळते, ‘त्याला’ कळते, आणि नशीब चांगले असेल तर ‘आपल्याला’ही कळते.

दिवाळीचे दिवस आहेत. डबे भरलेले आहेत. ‘मला आणखी एक करंजी’ हे वाक्य घरोघर ऐकू येईलच. त्यात व्याकरणाची चूक शोधू नये, करंजी द्यावी. आणि दाराशी आलेल्या माणसाला ताट पुढे करताना ‘आमच्याकडची’ न म्हणता ‘आपल्या घरची’ म्हणून पाहावे. चव तीच असते. पण घेणाऱ्याचा हात जरा मोकळेपणाने पुढे येतो.